दहावी ओळ

उतुआदोच्या डोंगरातलं कवी डॉन क्रिसान्तोंचं घर आता संग्रहालय झालं होतं, पण नियम कवीनंच घालून दिलेला: माझ्या खोलीत यायचं, तर घरच्या माणसानं दिलेल्या ओळीवर दहा ओळींचं कवन रचायचं, दिलेली ओळ शेवटी आली पाहिजे. पाहुण्यांना सोप्या ओळी मिळत. मघाशीच पोन्सेचा एक दंतवैद्य 'आज कॉफी गोड झाली'वर अडखळत, हशा पिकवत आत जाऊन आला होता.

"पुढचं कोण?" किल्ल्यांचा जुडगा चाचपत एलादियोनं विचारलं आणि मान वर केली.

समोर नेरेइदा. त्याची धाकटी बहीण. तेवीस वर्षांनी.

"तिकीट काढलंय," ती म्हणाली. "बाबांची खोली बघायचीय, लालो. उद्या न्यूयॉर्कला परत जायचंय."

"लालो म्हणणारं आता इथं कुणी नाही. नियम आठवतो ना? का तिकडच्या थंडीत गोठला?"

"तू ओळ दे."

नजर चुकवत त्यानं ओळ टाकली, "दार मीच लावलेले."

नेरेइदाची कानशिलं तापली. बाप गेल्यावर ती आली त्या रात्री दार कुणी लावलं, ते दोघांनाच ठाऊक. 'जिवंतपणी सोडून गेलीस, आता रडायला आलीस?' म्हणत त्यानंच ते तिच्या तोंडावर लावलं होतं. आणि आता ते आपणच लावलं, असं चारचौघांत तिनं आपल्या तोंडानं गायचं. नाहीतर आल्या पावली परत.

"वाजव रे पाचो," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या पाचोनं क्वात्रोच्या तारा छेडल्या. तिनं डोळे मिटले.

"फोन आला, बाबा गेले,
धावत मी गावी आले,
उंबऱ्यात भाऊ उभा,
पेटी हाती, पाय ओले..."

दंतवैद्याचं हसू मावळलं. ओल्या दगडांवरून ओढा ओलांडावा, तशी ती एकेक ओळ जपून टाकत होती.

"...रस्त्यातून ऐकली मी
प्रार्थनेची धून सारी,
बसले मी बंद दारी..."

नऊ झाल्या. ती थांबली. क्वात्रो त्याच वळणावर घुटमळत राहिलं, एकदा, दोनदा.

"दहावी?" एलादियोनं विचारलं.

"ती माझी नाही. ज्याची आहे त्यानं म्हणावी."

"मग नियमाप्रमाणं..." सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले होते.

"अहो, माझं कवन तर पार लंगडं होतं," दंतवैद्य हळूच म्हणाला, "तरी सोडलंत की."

एलादियोनं ओळ म्हटली नाही. तो पाठमोरा झाला. जुडग्यातली किल्ली काढली. कुलूप उघडलं.

"दहा मिनिटं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "सगळ्यांना तेवढीच."

त्याच्या खांद्याला घासून ती आत गेली. पाचोनं तारांवर तळवा ठेवला. आतून बाबांची खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. त्या खुर्चीला हात लावायची मनाई होती.

एलादियो दार उघडं धरून उभा राहिला.