चार वाजेपर्यंत

ज्या शाळेचं छत गळतं तिथं पेटी-तबला आला, तर लोक हसणारच. किन्हीराजाच्या पुढं जो तांडा आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मागच्या जुलैत दोन पेट्या, तबल्याची एक जोडी, बारा खंजिऱ्या आणि एक गाण्याच्या मॅडम अशी सगळी वरात उतरली, तेव्हा पारावरची मंडळी म्हणाली, घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! पण दोन महिन्यांत हसणारे गप्प झाले. संध्याकाळी पोरं बकऱ्या वळताना सरगम म्हणू लागली, आणि ती सुरात होती.

पुण्याच्या एका संस्थेची ही देणगी. सरकारी शाळेत संगीताचा शिक्षक नसतो, तो आम्ही एक वर्ष देतो, असं त्यांचं काम. मात्र जानेवारीत पाहुणे येणार, पोरांचं गाणं ऐकणार, आणि पुढची तीन वर्षं द्यायची की गाशा गुंडाळायचा ते ठरवणार. सगळा खेळ त्या एका दिवसावर.

मॅडमचं नाव साधना. इंझोरीच्या शेतकऱ्याची लेक, संगीत विशारद, वय एकतीस. सहा वर्षं मालेगावात भाड्याच्या खोलीत शिकवण्या घेऊन तिनं दिवस काढले होते. "गानं शिकून का झालं वो?" हे तिनं इतक्या तोंडून ऐकलं होतं, की उत्तर द्यायचं तिनं सोडून दिलं होतं. या शाळेत पहिल्यांदा कुणी तिला मॅडम म्हटलं. त्या एका शब्दासाठी माणूस काय काय करतं, हे ज्याला कधी कुणी काही म्हटलेलं नाही त्यालाच कळेल.

पहिल्या आठवड्यात तिनं वर्गाला सा लावायला सांगितला. सव्वीस पोरं ओरडली आणि एक मुलगी गायली. ती सुकेशनी. सहावीतली, मोहनसिंग आणि धनीबाईची थोरली. कडेवर तिचा भाऊ बादल, तेव्हा वर्षाचाही नव्हता. आईबाप मजुरीला गेले की बादल तिच्याकडे, म्हणून बादलही शाळेत. ही पेटीला हात लावायची, तर तो भात्याला लटकायचा. साधनानं त्याला कधी खाली उतरवलं नाही. तो झोपायचा फक्त एका गाण्यावर. त्यांच्या गोरबोलीतलं पाळण्याचं गाणं, आजीकडून आलेलं, चार ओळींचं. साधनानं ते पेटीवर बसवलं, आणि ऐकताना तिच्या मनात आलं, पाहुण्यांपुढं हेच.

दिवाळी झाली आणि तांडा उसाला निघायच्या तयारीला लागला. दर वर्षीचंच ते. शाळेतली बरीच पोरं घरी म्हाताऱ्यांपाशी राहायची, पण जिच्या कडेवर भावंड तिला सोबत जावं लागायचं. साधना मोहनसिंगच्या दारात गेली.

"भाऊ, सुकेशनीले ठेवून जा. आजी हाये न घरी."

"ठेवून जाऊ?" मोहनसिंग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी रचत होता. "मॅडम, मुकादम एका कोयत्यात दोन मानसं धरते, नवरा अन् बायको. लेकरू सांभायनारं मानूस तो धरत नाई. पन ते लागतेच. आमची ती सुकेशनी हाये."

"अडीच महिन्याची तं गोष्ट हाये. पाहुने येऊन गेले की मी सोता तिले तुमच्यापाशी आनून सोडतो. शब्द देतो."

धनीबाई बादलला पाजत बसली होती. ती म्हणाली, "अन् याले कोन पाहीन?"

"होऊन जाते हो ताई तेवढं. बाकीच्या बाया असतेतच न तिथं."

बाकीच्या बायांच्या हातातही कोयताच असतो, हे साधनाला ठाऊक नव्हतं असं नाही. शेतकऱ्याची पोर ती. पण माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याला ऐकू येत नाही. धनीबाईनं लेकीकडं पाहिलं. लेक मॅडमकडं पाहत होती. मोहनसिंगला मात्र अभिमान आवरेना. "पुन्याचे लोक माह्या पोरीचं गानं आयकाले येनार?" तो दोनदा म्हणाला, आणि तिथंच सगळं ठरलं.

सुकेशनी आजीपाशी, मोतीबाईपाशी राहिली. मोतीबाईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेले, ती तरी उसावर जाऊन काय सांभाळणार होती? पोर रोज शाळेत यायची, गायची, आणि सुट्टीत मॅडमच्या फोनवरून आईला विचारायची, "बादल चालते का आता?" चालायला लागला होता. खोटं कशाला बोलू, ते ऐकून साधनालाही आनंदच झाला होता.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. साडेदहाचा कार्यक्रम. साधना सात वाजताच शाळेत येऊन पताका बांधत होती. आठला फोन वाजला, मोहनसिंगचा.

"मॅडम, बादल गेला."

तिला आधी वाटलं, कुठं गेला? मग मोहनसिंगचा श्वास ऐकू आला. धनीबाई रोज त्याच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. पहाटे गाठ सुटली. अड्ड्याजवळ, म्हणजे तोडणीवाल्यांच्या खोपटांपाशी, पाण्यासाठी खड्डा केला होता, त्यात ताडपत्री अंथरून पाणी भरलेलं. आई उसाच्या फडातून परत आली तेव्हा तो त्यात होता.

"इथंच माती द्या लागते त्याले," मोहनसिंग म्हणाला. "सुकेशनीले अन् माह्या मायले घेऊन या. चार वाजेपर्यंत थांबतो. त्याची माय त्याले मांडीवरून खाली ठेवत नाई, म्हन्ते बहिनीले पाहू द्या आधी."

अड्डा परभणीकडं होता. जीपनं साडेचार तास. साधना पायरीवर बसली. पेटीचा भाता धरून उभं राहायला शिकलेलं पोर ते! तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, खरंखुरं. ते पुसायच्या आत मुख्याध्यापक इंद्रभान सर समोर उभे राहिले.

सरांनी ऐकून घेतलं. टोपी काढली, डोकं खाजवलं. वाईट माणूस नव्हता तो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

"लय वाईट झालं," ते म्हणाले. "पन मॅडम, आता सांगून लेकरू परत येते का? सुकेशनीचं गानं झालं नाई तं पाहुने पुढचे तीन वर्सं देतीन का? अकरा, साडेअकराले मोकये होतो आपन. जीप मी सांगून ठेवतो. चारले पोचता तुमी. बाकी तुमचं तुमी पाहा."

तुमचं तुम्ही पाहा. आपल्याकडं जबाबदारी अशीच खांद्यावरून खांद्यावर जाते, आणि ज्याचा खांदा शेवटी त्याचं मरण. साधनानं हिशोब केला. साडेअकराला निघालं तर चार. बसतं. एक गाणं, फक्त चार ओळी. सव्वीस पोरांची तीन वर्षं. आणि तिचीही, पण ते तिनं मनात उच्चारलं नाही.

सुकेशनी आली ती न्हाऊन, तेल लावून, निळी रिबीन बांधून. "मॅडम, आज झालं की उद्या निघाचं न? बादलनं मले ओयखलं पायजे."

साधनानं तिची रिबीन सोडली आणि पुन्हा बांधली. ती नीटच होती.

साडेदहा वाजले. अकरा वाजले. संस्थेच्या बाईंचा फोन आला, आवाज अगदी गोड. "सॉरी हं, वाटेत लोणार लागलं. इतक्या जवळ येऊन सरोवर बघायचं नाही म्हणजे... तासाभरात पोचतो."

बारा वाजता साधना उठली. आता सांगायचंच, असं ठरवून उठली. पोर वऱ्हांड्यात बारक्या मुलींना खंजिरी धरायला शिकवत होती. दारापर्यंत जाऊन साधना परत फिरली. आता तर आलेच असतील, असं स्वतःला म्हणाली. असं ती साडेबारालाही म्हणाली.

पाहुणे आले एकला. मग हार, मग चहा, मग इंद्रभान सरांचं भाषण, "संगीत हा जीवनाचा आत्मा आहे" वगैरे. दीड वाजता सुकेशनी उभी राहिली.

काय गायली ती पोर! समोर कुणी नसल्यासारखी, कडेवर खरंच ओझं असल्यासारखी जरा एका बाजूला कलून. संस्थेच्या बाईंनी चष्मा काढला. साधना पेटीवर होती. आज आपला सूर चुकेल, असं तिला वाटलं होतं. एकही चुकला नाही. पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःचा राग आला तो याच एका गोष्टीचा.

"तीन वर्षं पक्की," बाई तिथल्या तिथंच म्हणाल्या. "आणि आणखी पेट्या देऊ." पोरांनी टाळ्या वाजवल्या. इंद्रभान सरांनी रुमाल काढून मान पुसली.

जीप निघाली दोन वाजून दहा मिनिटांनी. मोतीबाई पुढं, चालकाजवळ. साधना आणि सुकेशनी मागं. बादलला बरं नाही, एवढंच साधनानं सांगितलं होतं. सुकेशनी हिंगोलीपर्यंत बोलत होती, पाहुण्यांनी दिलेला बिस्किटांचा पुडा तिनं फोडला नव्हता, भावासाठी ठेवला होता. हिंगोलीच्या पुढं तिनं एकदा मॅडमच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि बोलायची थांबली.

चार वाजता जीप वाटेतच होती. मोहनसिंगचा फोन आला, साधनानं "येऊन राह्यलो" म्हटलं. पाचला आला. साडेपाचला आला. त्यानंतर आला नाही.

पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. अड्ड्यावर ट्रॅक्टरचे दिवे लागले होते. ओढ्याच्या काठाला हातभर लांबीचा मातीचा ढीग, वर दगड, दगडांवर बाभळीचे काटे, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. त्याच्याशेजारी धनीबाई बसली होती. मांडी तशीच घातलेली, रिकामी.

सुकेशनी ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. बिस्किटांचा पुडा हातात तसाच.

"दिवस बुडाला म्हून द्या लागली माती," मोहनसिंग म्हणाला. माफी मागितल्यासारखं म्हणाला. माफी, आणि त्यानं! "लय थांबलो, मॅडम. मानसं म्हने, अंधारात देत नाईत."

धनीबाईनं वर पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेवढी ताकदच उरली नव्हती. "फोन तं आठलेच केला होता न यायनं. गाडी बंद पडली होती का?"

दार तिनंच उघडून दिलं होतं. साधनाला फक्त त्यातून जायचं होतं.

"व्हय," साधना म्हणाली. "बंद पडली होती."

सुकेशनीनं मान वळवली. मॅडमकडं पाहिलं, मग आईकडं. आठ, हा आकडा ती पहिल्यांदा ऐकत होती. पोर हुशार, वर्गात ताल मोजायला सांगितला की तिचा सगळ्यांच्या आधी मोजून व्हायचा.

"नाई माय," ती म्हणाली. "गाडी कोठीच बंद नाई पडली. मी गात होती."

मोतीबाई हातानं चाचपत ढिगापर्यंत आली होती आणि काट्यांवरून बोटं फिरवत होती. धनीबाईनं लेकीला हात धरून खाली ओढलं आणि त्या रिकाम्या मांडीवर तिचं डोकं ठेवलं. मग ती साधनाला म्हणाली, "जा मॅडम. तुमाले लांब जा लागते. शब्द दिला तशी आनून सोडली तुमी पोरगी."

मार्चमध्ये तीन नव्या पेट्या आल्या. सोबत संस्थेचं पत्र होतं, उद्‌घाटनाला त्या मुलीचं तेच गाणं ठेवा म्हणून. साधनानं उत्तरात लिहिलं की ती मुलगी आता शाळेत नाही, उसावर आहे, कोयता धरते. लिहिलेलं तिनं दोनदा वाचलं, त्यात कुठंही खोटं नव्हतं. मग ती वर्गात गेली आणि सव्वीस पोरांना सा लावायला सांगितला.