नाझरेथचा रुमाल

घमापुरातल्या मराठी ख्रिस्ती देवळात रविवारी एरवी पुढचे बाक रिकामे असत. त्या दुपारी मात्र खिडक्यांच्या गजांनाही माणसं लोंबकळत होती. ब्रह्मदेशात लढाई पेटलेली, गावातला दारूगोळ्याचा कारखाना तिन्ही पाळ्यांत चाललेला, देवळाचे पाळक फौजेबरोबर गेलेले. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात. इथला एरंड म्हणजे कुठूनसा उगवलेला बंधू चिंतामणी. मिशनच्या शाळेतल्या हेमलताबाई भिंतीला टेकून त्याची नौटंकी पाहत होत्या.

"हा रुमाल नाझरेथच्या विहिरीत तीन दिवस भिजलाय, बोलो हालेलूया!" त्याने एक पिवळट रुमाल फडकवला. "शुद्ध हात लागला तर जसाच्या तसा. पाप्याचा लागला, तो खून उतरता है भाई, खून!"

मुख्य पंच सोडून बाकीच्या पंचांनी एकेक करून पाण्यात ओला केलेला हात रुमालावर ठेवला. रुमाल पिवळाच. मग चिंतामणीने इंदूला पुकारलं. तिचा नवरा मुरलीधर आघाडीवर होता आणि ती फौजी इस्पितळात जखमींच्या चादरी धुवायची, रविवारीसुद्धा. कामावरून तशीच आली होती, बाह्या अजून ओल्या. तिने हात ठेवला आणि रुमालावर पाच बोटं लाल उमटली.

बाया किंचाळल्या. मुख्य पंच बापूसाहेब उठले. "रविवारी काम करून शब्बाथ मोडते, त्याचं हे फळ! देवळाच्या आवारातली खोली आजच्या आज रिकामी कर."

"नवऱ्याची चिठ्ठी याच पत्त्यावर येते, जी," इंदू रडकुंडीला आली. "कुठं जाऊ मी?"

चिंतामणी आठ दिवस बापूसाहेबांच्याच घरी कोंबड्या झोडत होता. बापूसाहेबांच्या जावयाला कारखान्यात नोकरी लागली होती आणि लढाईच्या गर्दीत गावभर खोली मिळत नव्हती. हेमलताबाईंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बापूसाहेब, तुम्हीही हात ठेवा ना."

"अच्छा, माझी परीक्षा? चाळीस वर्षांत एक उपासना चुकवली नाही. उपास, दशमांश, सगळं पाळून राहिलो मी."

"म्हणूनच. पण आधी हात स्वच्छ करा." नळावरची ओली साबणाची वडी आणून बाईंनी त्यांच्या तळव्यावर घासली आणि फेसासकट तो हात रुमालावर दाबला.

इंदूच्या पंजाहून गडद पंजा उमटला. बापूसाहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"सैतान! सैतान घुसा है!" चिंतामणी ओरडला.

"सैतान नाही, हळद. हळदीत बुडवून वाळवलेला रुमाल आहे हा. साबण, सोडा, चुना लागला की हळद लाल होते. इंदूचे हात दिवसभर सोड्यात असतात, तेच या भामट्यानं हेरलं." गर्दी पाहून दारात शरबतवाला आलाच होता. त्याच्याकडचं लिंबू बाईंनी पंजावर पिळलं. रक्त पुन्हा पिवळं झालं. "घ्या, एका लिंबात पापक्षमा!"

पुरुषांनी चिंतामणीला बुकलत बाहेर काढलं. जे मघाशी त्याच्या पाया पडले, त्यांचेच बुक्के जास्त होते.

हेमलताबाई बायांच्या बाकांकडे वळल्या. "पुरुषांनी जन्मात कपडा धुतला नाही. पण हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे तुमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हतं?"

शेवटी बापूसाहेबांची बायको शैलजा पुटपुटली, "मला तर तेव्हाच समजलं होतं, दीदी."

"मग बोलल्या काहून नाही?"

"पोरीला खोली पाहिजे होती ना."

गेल्या उन्हाळ्यात शैलजाला देवी आल्या, तेव्हा सख्ख्यांनी पाठ फिरवली होती. तिचं अंग इंदूने पुसलं होतं.

"राहा, राहा तू," बापूसाहेब घाईने म्हणाले.

"नाही जी," इंदू म्हणाली. "आता तुमच्या शेजारी भीती वाटून राहिली."

ती गेली. मंगळवारी जावयाचं सामान त्या खोलीत आलं आणि पुढच्या रविवारी बापूसाहेब वेळेवर पहिल्या बाकावर हजर होते.

हेमलताबाई मुलांना पुढे सांगत, चमत्कार दिसला की आधी विचारा, हा झाला कसा? उत्तर स्वयंपाकघरातसुद्धा सापडेल. मग स्वतःलाच विचारा, हा खरा ठरला तर माझं काय साधतंय? या दुसऱ्या प्रश्नाला घमापुरात अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.