वडील येतात ते दार

रेडिओ केंद्रातल्या त्या मुलाला सगळे खुळखुळा म्हणत. त्याच्या खिशात कायम काहीतरी वाजत असायचं: किल्ल्यांचा जुडगा, काचेच्या गोट्या, औषधाच्या बाटलीत भरलेले तांदूळ. नाटकांना लागणारे आवाज तो अशाच वस्तूंतून काढायचा, पण आजवर एका वयस्कर गृहस्थांच्या हाताखाली. ते निवृत्त झाले आणि दिग्दर्शिकाबाईंनी पहिल्यांदाच एक अख्खं नाटक त्याच्यावर सोपवलं.

"हे नीट केलंस तर ती जागा तुझी," बाई म्हणाल्या. "नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. आधीच सांगून ठेवते, नंतर तोंड पाडू नकोस."

नाटकात महत्त्वाचा म्हणावा असा आवाज एकच होता. घर सोडून गेलेले वडील कैक वर्षांनी परत येतात. मुलगी पाठमोरी असते. दार उघडतं, ती वळते आणि विचारते, "कोण?" बाकी सगळे संवाद.

एक दार! खुळखुळ्याला वाटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. पूर्वी स्टुडिओच्या कोपऱ्यात कडी-कोयंड्यासकट एक लाकडी चौकट उभी असे. कुठल्याही नाटकातलं कुठलंही दार म्हणजे तीच चौकट. पण नुकताच केंद्रात संगणकावरचा आवाजांचा संग्रह आला होता आणि चौकट भंगारात गेली होती. संग्रहात त्याने 'दार' असं शोधलं आणि पडदा भरून गेला. खाली सरकवावं तितकी दारं. लाकडी, लोखंडी, काचेची, सरकती. आतून उघडलेली, बाहेरून उघडलेली. हळू, घाईत, रागात. कोरड्या हवेतली आणि दमट हवेतलीसुद्धा.

पहिल्या दिवशी तो खूश होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक दारातून वेगळाच बाप आत येतो. जड लाकडी दारातून आला तर तो श्रीमंत होऊन परतला. पत्र्याच्या दारातून आला तर बहुधा तुरुंगातून सुटला. बिजागरी हळूच कुरकुरली तर त्याला लाज वाटते आहे. आता यातला खरा कोणता, हे नाटकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून त्याने लेखकाला गाठलं.

"दार कशाचं आहे?"

"दाराचं," लेखक म्हणाला.

"तसं नाही. लाकूड की लोखंड? आणि ते आतून लावलेलं असतं का? लावलेलं असेल तर वडिलांकडे किल्ली कशी? एवढी वर्षं त्यांनी किल्ली जपून ठेवली?"

लेखकाचा चहाचा कप हातातच राहिला. "किल्लीचा मी विचारच केला नव्हता," तो पुटपुटला. संध्याकाळी त्याचा बाईंना फोन गेला की वडील परत येतात की नाही, यावरच आपल्याला पुन्हा एकदा विचार करायचा आहे. बाईंनी लेखकाला झापलं आणि मग खुळखुळ्याला. "तुला दार शोधायला सांगितलं होतं, माझा लेखक पळवायला नाही!"

तो पुन्हा कानाला हेडफोन लावून बसला. एकच शब्द शंभरदा म्हटला की त्याचा अर्थ गळून पडतो आणि नुसता आवाज उरतो, तसं त्याचं दारांच्या बाबतीत होऊ लागलं. दार ऐकू येईनासं झालं. ऐकू यायचा एक ठोका, मग एक घासल्याचा सूर, मग शांतता. हे दार आहे यावर आपला पूर्वी विश्वास कसा बसायचा, तेच त्याला कळेना.

जेवायला घरी आला तरी डोकं त्यातच. ताई दवाखान्यातल्या कामावरून आली तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मागे दार उघडल्याचा आवाज झाला.

"हे नको," तो म्हणाला. "पुढचं."

"पुढची कुठून आणू?" ताई म्हणाली. "एकच बहीण आहे तुला. चालवून घे."

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्याने मोठ्या कष्टाने निवडलेली काही दारं सगळ्यांना ऐकवली. ती त्याची घोडचूक. वडिलांचं काम करणारे काका म्हणाले, "यातून मी आलो तर खोकावं लागेल, नाहीतर कुणाला कळायचंच नाही." मुलीचं काम करणारी म्हणाली, "मागचंच बरं होतं." मागचं म्हणजे कोणतं, यावर तिची आणि लेखकाची जुंपली. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. तेव्हा आधी आवडलेली आवडेनात आणि न आवडलेली बरी वाटू लागली. बाई कपाळाला हात लावून बसल्या.

"मला काहीच कळेनासं झालंय," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी संवाद करून घेऊ. दाराचं नंतर बघू. नाहीच जमलं तर उद्या दुसरा माणूस बोलावते."

खुळखुळ्याचं डोकं ठणकायला लागलं. ध्वनिमुद्रण सुरू झालं, तसा तो कोपऱ्यातल्या आपल्या लोखंडी टेबलापाशी जाऊन बसला. हाताने आवाज काढण्यासाठीचा त्याचा माइक तिथे सवयीप्रमाणे चालूच होता. डोकेदुखीची गोळी काढायला म्हणून त्याने खण ओढला. खण अडकला, त्याने हिसका दिला, आणि तो 'खर्रर्र' करत बाहेर आला.

मुलगी गर्रकन वळली. "कोण?"

तिचा आवाज असा फाटला की काका आपलं वाक्यच विसरले.

"हेच!" काचेपलीकडून बाई ओरडल्या. "अरे, हेच! कुठे लपवून ठेवलं होतंस? कुठलं दार आहे हे?"

त्याने हातातल्या गोळीकडे पाहिलं. "जुनं आहे," तो म्हणाला. "लोखंडी." आणि खण पोटाने हळूच आत लोटला.

नाटक रविवारी सकाळी लागलं. ताई इस्त्री करत होती, तो रेडिओला चिकटून बसला होता. 'खर्रर्र' झालं. मुलीने "कोण?" विचारलं. तो ताईचा चेहरा बघत राहिला.

"चांगलं चाललंय," ताई म्हणाली. "पण हा बाप घरात शिरला कधी? आणि आल्या आल्या कपाटात काय शोधतोय?"

तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या. "सगळ्यांना दार आवडलंय बरं का! वरिष्ठांनीसुद्धा विचारलं, कुणी केलं म्हणून. सोमवारी ये, कागदांवर सही कर. जागा तुझी."

"हो बाई," तो म्हणाला. फोन ठेवला. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडासा झालाही असावा. पण सगळ्या केंद्राचे कान बरोबर की एकट्या ताईचे, हे काही केल्या उलगडेना. तो उठला. घराचं दार उघडलं, लावलं.

"हे काय वाजलं?"

"दार," ताई म्हणाली.

"नक्की?"

"अरे, दार म्हणजे दार! त्यात नक्की काय?" तिने इस्त्री उभी केली आणि जरा थांबली. "आता तू असं विचारल्यावर... परत एकदा लाव बघू."