ग्रामसभा घरबसल्या

झर वाचवायची तर रविवारच्या ग्रामसभेत बंगल्यांच्या प्रकल्पाला नकार मिळायला हवा, एवढं गौरवीला पक्कं ठाऊक होतं. डोंगराचा उतार कापला की झर आटणार, आणि खालच्या कुळागरांना, त्यातल्या माड-पोफळींना, दुसरं पाणी नव्हतं. महिनाभर ती मोबाइल घेऊन डोंगरावर जात होती. तिचे व्हिडिओ पुण्या-बंगळूरपर्यंत पोचले. पेडण्यातल्या या तिच्या गावात तर म्हातारी माणसंही ते बघत. देवळातल्या गाऱ्हाण्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसं प्रत्येक व्हिडिओखाली गाव ‘व्हय म्हाराजा’ लिहायचं.

म्हणून तिनं ग्रामसभाही लाइव्ह दाखवली.

पुढच्या खुर्च्यांवर टिप्परवाले बसले होते. खाणी बंद पडल्यापासून गाड्या दारात उभ्या; आता माती वाहायचं काम मिळेल म्हणून ते बायकांनाही घेऊन आले होते. मागच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

“तुझी माणसां खंय गो?” रुद्रेशनं वळून विचारलं. त्याचाही एक टिप्पर होता. “मोबाइलात रवतत काय?”

गौरवीनं स्क्रीन पाहिला. शेवंती काकी, भिकाजी, अंकिता, सगळे बघत होते.

“काकी, सगळ्यांक घेऊन ये,” ती मोबाइलमध्ये म्हणाली. “हंय हात मोजतले.”

खाली काकीचं उत्तर उमटलं : ‘बघतंव गो बाय. आवाज जरा वाढय.’

सरपंचांनी प्रकल्पाच्या बाजूचे हात मागितले. पुढच्या रांगा वर झाल्या. मग विरोधातले. गौरवीनं एक हात वर केला. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर ‘व्हय म्हाराजा’ची रीघ लागली. तो तिनं सरपंचांपुढे धरला.

“हे सगळे आपलेच मतदार आसत.”

त्यांनी चष्मा सावरून नीट पाहिलं. “आसत. माझी बायकोपण आसा थंय. पण सभेत बसलेल्यांचेच हात धरूचे लागतत, बाय.”

परतताना काकी दारातच उभी होती.

“मदीच नेट गेला बघ. पण मी हात वर केल्लंय हां. मगे, काय ठरलां?”

“त्यांचो ठराव पास झालो.”

“असो कसो? सगळो गाव आमच्या बाजून होतो मां?”

“होतो,” गौरवी म्हणाली.