कोपरावरचा मेकअप

मावशीच्या पार्लरमध्ये आरसेच आरसे, पण तिचे स्वतःचे कोपर आणि गुडघे त्यातल्या एकाही आरशानं पाहिले नव्हते. बारा महिने लांब बाह्या. आत सोरायसिस होता, लाल चट्टे आणि त्यावर पांढरट खवले. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे तिला पाठ होतं. पण गिऱ्हाइकांना कोण समजावणार? जगाची कातडी उजळणारीची स्वतःची अशी, हे कळलं असतं तर खुर्च्या ओस पडल्या असत्या.

म्हणून गुडघा बदलायच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिनं न्हाणीघराचं दार लावलं आणि टाचा घासायच्या किसणीनं गुडघ्यावरचे खवले खरवडून काढले.

"हे लाल कशानं झालंय?" नर्सनं विचारलं होतं.

"काल वॅक्सिंग केलं ना." पार्लरवालीच ती. शंका कोण घेणार?

आता टाके निघाले तरी गुडघा तव्यासारखा तापलेला, आणि जखमेतून पू. आधार देत भाचीनं तिला दवाखान्यात आणलं.

"पू आत सांध्यापर्यंत गेलाय," डॉक्टर म्हणाले. "उघडून धुवावं लागेल. पण कातडीवरच जंतू ठाण मांडून बसले असतील, तर पुन्हा आत शिरतील. मग नवा गुडघाच काढायची पाळी येईल. अंगावर कुठे चट्टे, खवले?"

"छे. नितळ आहे मी."

भाची चुळबुळली. रक्तदाब मोजताना बाही वर करावी लागणार, म्हणून सकाळी तिनंच मावशीच्या कोपरांवर फाउंडेशन थापलं होतं. शेड इतकी जुळली की मावशीनं खूश होऊन पाठ थोपटली होती. आता मावशीनं डोळे वटारले, तर पोरीनं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान मावशीला फार लागली. आजवर स्वतःची लाज स्वतःच्या बाहीत गुंडाळून ठेवली होती. आज ती या पोरीच्या गळ्यात घातली होती, वर शाबासकीही दिली होती.

"गुडघा गेला तर पार्लरमध्ये उभी कशी राहशील गं?" भाची पुटपुटली. "मला तर अजून भुवयासुद्धा धड करता येत नाहीत."

मावशीनं बाही वर सारली आणि नर्सकडे वळली. "ताई, स्पिरिटचा बोळा द्या जरा."

चरचरलं. एका हातानं पुसताना तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. चट्टा उघडा पडत गेला.

"अगंबाई," नर्स म्हणाली, "मघाशी रक्तदाबाचा पट्टा मी इथेच वर बांधला होता की."

"गुडघ्यावरचं ते वॅक्सिंग नव्हतं," मावशी जमिनीकडे बघत म्हणाली. "किसणीनं खरवडलं होतं."

डॉक्टरांनी वाकून चट्टा नीट पाहिला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तेव्हाच सांगितलं असतं, तर आधी कातडी बरी केली असती, मग गुडघा," ते हळूच म्हणाले.

बोळा तिच्या मुठीत तसाच होता, तिच्याच रंगानं माखलेला. कुठे टाकावा, कळेना. डॉक्टरांनी पायानं कचऱ्याची बादली पुढे सरकवली.

"टाका यात. आणि आता दुसरा कोपर."

तिनं दुसरा हात भाचीपुढे केला. "तूच पूस. तूच लावलंयस."