औषधाच्या दुकानापासून तीस पावलं

"अहो, त्या पंख्याला आता तरी सोडा. या आठवड्यात चौथ्यांदा उतरवताय तो!"

स्टुलावर उभ्या असलेल्या चावीकाकांनी उत्तर दिलं नाही, कारण त्यांच्या तोंडात तीन स्क्रू होते. खाली काकू स्टूल धरून उभ्या होत्या. पंख्याला काही झालं नव्हतं. पण निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दारांच्या बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं होतं की वाऱ्याची झुळूक आली तरी दारं आपली आपण उघडायची. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचा कार्यक्रम तर दोनदा झाला होता. पहिल्या खेपेला साखर आणि मीठ यांची अदलाबदल झाली, म्हणून दुसरी खेप. बिचाऱ्या पंख्याचा गुन्हा एवढाच, की तो अजून धड चालत होता.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. बाहेर तिशीची एक मुलगी उभी होती. डोक्याला हेल्मेट, बुटांना घोट्यापर्यंत चिखल, श्वास लागलेला.

"चावीकाका इथेच राहतात ना? मी पाणीखात्यातली नवीन इंजिनिअर."

काकांच्या तोंडातले स्क्रू टपाटप खाली पडले. 'चावीकाका' अशी हाक दारात येऊन कोणी मारली त्याला सहा वर्षं झाली होती. एके काळी ही हाक दिवसातून शंभरदा यायची. चौतीस वर्षं खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी टाकून, सायकलवरून गल्लोगल्ली फिरून त्यांनी पाणी सोडलं होतं. त्यांनी चावी फिरवल्याशिवाय अर्ध्या गावाच्या अंघोळी होत नसत. पुढे बहुतेक ठिकाणी मोटारी बसल्या, बटणं आली, आणि काका घरी बसून पंखे उतरवू लागले.

"काका, वरच्या गल्लीला तीन दिवस पाणी नाही," इंजिनिअरबाईंनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. "रस्ता करणाऱ्यांनी कामापुरता व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायच्या आधीच त्याच्यावर डांबर ओतून निघून गेले. ते मजूर आता कुठे आहेत कोणाला माहीत! ठेकेदार फोन उचलत नाही. आमच्या नकाशात नुसतं 'औषधाच्या दुकानासमोर' एवढंच लिहिलंय. साहेब म्हणाले, मशीन लावून सगळा रस्ता उखडा. मी म्हटलं, आधी काकांना विचारून तर बघू."

"विचारायचं काय त्यात?" काका स्टुलावरून खाली उतरले, जवळजवळ उडीच मारली म्हणा ना! "दुकानाच्या पायरीला टाच लावायची आणि शाळेकडे तोंड करून तीस पावलं चालायचं. एकोणतीस नाही, एकतीस नाही."

"मीटरमध्ये किती होतील?"

"मीटर तुमच्या ऑफिसात, बाई. रस्त्यावर पावलं!"

काकांनी कपाटातून खात्याचा जुना खाकी शर्ट काढला. पोटावरची दोन बटणं काही केल्या लागेनात, पण त्यांचा उत्साह बटणांना विचारतो कुठे? काकूही चपला घालून निघाल्या.

"तू कशाला?"

"मग काय पंख्याशी गप्पा मारत बसू?"

वरच्या गल्लीत जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. बादल्या, कॅन, पिंपं घेऊन माणसं उभी होती. टँकर येणार येणार म्हणून सकाळपासून सगळ्यांनी मान वाकडी केली होती. समोर तीन दिवसांचा, काळाभोर, गुळगुळीत रस्ता पसरलेला, आणि त्याच्या पोटात कुठेतरी तो व्हॉल्व्ह.

"अरे वा, चावीकाका!" औषधवाला गल्ल्यावरून उठून बाहेर आला. "आता झालंच काम!"

काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खात्याचे साहेब जीपला टेकून उभे होते. त्यांनी घड्याळात बघितलं. "एक खड्डा. एकच. नाही सापडलं तर मी मशीन बोलावतो."

"दुसरा लागला तर नाव बदलेन साहेब," काका म्हणाले.

त्यांनी पायरीला टाच लावली, छाती पुढे काढली आणि चालायला लागले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. खडूने फुली मारली. मजुरांनी डांबर फोडलं, खडी काढली, माती काढली. हातभर खोल गेले. काही नाही. काका खड्ड्याच्या काठावर ओणवे झाले. "जरा डावीकडे," ते म्हणाले. डावीकडे दगड. उजवीकडेही दगड.

गर्दीतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "वय झालं हो. आठवतंय थोडंच?" ती हळू बोलली होती, पण काकांना ऐकू गेलं.

काका परत पायरीपाशी गेले. परत तीस पावलं मोजली. पावलं पुन्हा त्याच खड्ड्याशी येऊन थांबली. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्याचं काय, आज उखडला तर उद्या पुन्हा होईल. पण ही तीस पावलं खोटी ठरली, तर टाकीपासूनची बावन्न, पोस्टाजवळची नऊ, पुलाच्या कठड्यापासूनची सतरा, सगळीच खोटी ठरणार होती. गावाच्या पोटातलं एवढं सगळं एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, आणि त्याच जोरावर तर ते सहा वर्षं खुशाल पंखे उतरवत बसले होते. 

काकू गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आल्या.

"एक सांगू? रागावणार नसाल तर."

"आता तुझं काय?"

"हल्ली बाजारात जाताना मी तुमच्या बरोबरीने चालते."

"बरं मग?"

"पूर्वी मला पळावं लागायचं. लग्न झाल्यापासून रस्त्यात तुमची पाठच बघत आलेय मी. 'पाय उचल गं' म्हणून चारचौघांत ओरडायचात. मला वाटलं, रिटायर झाल्यावर सुधारले."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. "आणि मला वाटत होतं, तुझे गुडघे दुखतात म्हणून मी हळू चालतोय!"

"माझे गुडघे कधी दुखले?"

काकांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. दोन-तीन वर्षं आपण किती समजूतदार नवरा झालोय, या आनंदात ते होते. आत काहीतरी चटकन दुखलं. पण ते दुखणं कुरवाळत बसायला वेळ कोणाला होता? डोक्यात दिवा पेटला होता.

"इंजिनिअरबाई! इकडे या, पळा!"

दुकानाच्या दुसऱ्या बाजूला, चौकाच्या तोंडाशी दुसऱ्या एका व्हॉल्व्हचं झाकण उघड्यावर दिसत होतं. "याच पायरीपासून ते झाकण अठरा पावलं. हजारदा मोजलंय. आता मोजा माझ्याबरोबर."

काका चालले, बाई मोजत चालल्या. अठरा झाली तरी झाकण लांबच होतं. वीस. बावीस. चोविसाव्या पावलाला काकांचा पाय झाकणावर पडला.

"अठराची चोवीस झाली!" काका लॉटरी लागल्यासारखे ओरडले.

"म्हणजे तिनाची चार," बाईंचे डोळे चमकले. "मग तिसाची..."

"चाळीस!" काका ओरडले, आणि औषधवालाही त्याच दमात ओरडला.

साहेब फोन कानाला लावून उभे होते. काका थेट त्यांच्यासमोर गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "साहेब, व्हॉल्व्ह होता तिथेच आहे. पाऊल माझं आखूड झालंय. अजून एक खड्डा द्या."

साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा बादल्यांच्या रांगेकडे, आणि फोन खिशात ठेवला.

या खेपेला काकांबरोबर सगळी गल्ली मोजत होती. पस्तीसनंतर तर पोरंटोरं, म्हातारेकोतारे, मघाची ती बाईसुद्धा, सगळे एका सुरात. चाळीस! खडूची फुली पडली. पहार पडली, पुन्हा पडली, आणि खण्णकन आवाज आला.

कोण ओरडलं नाही ते विचारा!

झाकण निघालं. जीपमधली लांब चावी आत उतरवली. दोन मजूर तिला लोंबकळले, पण ती हलेना.

"जोर नको रे," काका म्हणाले. "आधी थोडी उलटी न्या, मग सुलटी. जबरदस्ती केली की ती रुसते."

चावी कुरकुरली आणि फिरली. काकांनी गुडघे टेकले आणि चावीच्या दांड्याला कान लावला.

"थांबा... थांबा... आलं!"

वरच्या टोकाच्या घरातून कोणीतरी किंचाळलं, "नळाला आलं!" आणि बादल्यांचा असा काही कल्लोळ उठला की साहेबांनी काय अभिनंदन केलं ते काकांना ऐकूच गेलं नाही. मघाच्या बाईने पहिला पेला भरून त्यांच्या हातात दिला. पाणी जरा गढूळच होतं. काका ते पिऊन मोकळे झाले.

"काका, असे अजून किती आहेत?" इंजिनिअरबाईंनी वही उघडली होती.

"एकशे बारा."

"उद्यापासून याल? सगळे लिहून घेऊ."

"आधी माझं पाऊल लिहा. जुनं आणि नवं, दोन्ही. नाहीतर तुम्ही गावभर खड्डे कराल."

साहेबांनी घरी सोडायला जीप देऊ केली. काका नको म्हणाले. आज त्यांना चालायचं होतं.

घरी जाताना ते एकसारखे बोलत होते. उद्या कुठून सुरुवात करायची, पुलाकडून की टाकीकडून, पोस्टाजवळच्या चावीची खोड काय, सायकलीत हवा आहे का. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की शेजारून हं नाही की हूं नाही. त्यांनी वळून पाहिलं. काकू पाच-सहा पावलं मागे होत्या. लोखंडी सळ्यांच्या दुकानात अगदी मन लावून बघत, रेंगाळत येत होत्या.

काकूंना सळ्या कशाला हव्या होत्या? येताना हाच चढ त्या काकांच्या आधी चढल्या होत्या. काकांना सगळं समजलं. ते पटकन पुढे वळले. शर्टाची कॉलर ताठ केली आणि भर रस्त्यात ओरडले, "पाय उचल गं! किती हळू चालतेस!"

"आले हो, आले," काकू म्हणाल्या, आणि अजून थोड्या मागे राहिल्या.