वारा दाखवणारी पिशवी

गोंडपिपरीच्या पुढे, सागाच्या जंगलात सरकारने एक धावपट्टी बांधून ठेवली होती. विमान यायचं वर्षातून एखादं, तेही मंत्र्याला घेऊन, आणि त्या दिवशी पोलीस आम्हाला हाकलून लावायचे. बाकी सगळे दिवस तिथे एकटा मुखरू चौकीदार. बायको वारलेली, मूलबाळ नाही, पट्टीच्या कडेला एक खोली.

पण धान निघालं की त्याच्याकडे जत्रा भरायची. धान उपणायला वारा लागतो, आणि आमच्या शेतांना झाडांचा असा वेढा की वारा आत शिरत नाही. धावपट्टीवर तो मोकळा. शिवाय तिथे खांबावर कापडाची लांब पिशवी होती. विमानवाल्याला वारा कळावा म्हणून लावलेली, पण तिच्याकडे बघून सुपं धरायचो आम्हीच. मुखरू कुणाला अडवायचा नाही. चहा करून पाजायचा आणि स्वतःच्याच पट्टीवर अनवाणी फिरायचा, कारण खळ्यात चपला घालत नाहीत. त्या दिवसांत तो हसायचा.

चौऱ्याऐंशीच्या हंगामात आमच्यातली सुगंधाबाई त्याला म्हणाली, "मुखरूभाऊ, तुमची पिशवी पार फाटली. वाराच समजत नाई. सरकारले नवी मांगा ना."

बाईचा शब्द त्याने मनावर घेतला. जीपने साहेब आले तेव्हा हात जोडून म्हणाला, "साहेब, पिशवी फाटली. नवी पायजे." चौकीदाराला सुरक्षेची एवढी काळजी, म्हणून साहेब खूश झाले. आता सरकार नुसती पिशवी देईल तर ते सरकार कसलं! पुढच्या वर्षी सुरक्षेच्या नावाखाली अख्खं अनुदान मंजूर झालं. नवी भगवी पिशवी आली, पांढरे पट्टे आले, आणि पट्टीभोवती काटेरी तारेचं उंच कुंपण. त्याला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. आत कुणी दिसलं तर नोकरी गेली समज, असं साहेबांनी बजावलं.

धान निघालं. धानाने भरलेल्या आमच्या बैलबंड्या फाटकाशी येऊन थांबल्या.

"चावी कोनापाशी हाय, भाऊ?" सुगंधाबाईने विचारलं.

"मायापाशीच."

"मंग?"

मुखरू कुलपाकडे बघत राहिला. "साहेबानं मना केलं, बाई. नोकरी जाईन."

सुगंधाबाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बरं भाऊ," आणि बंड्या वळल्या.

आम्ही नाल्यापलीकडच्या उंच माळावर खळं केलं; वारा पट्टीसारखा नव्हता, पण भागत होतं. तिथलं हसणं-ओरडणं मुखरूला खोलीत ऐकू जायचं. नवी पिशवी दिवसभर टम्म फुगलेली असायची. तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. त्याचं जेवण सुटलं. फार एकटा पडला बिचारा, हे आम्हाला कळत होतं, पण कुलूप काही आम्ही लावलं नव्हतं.

एका दुपारी त्याने फाटक सताड उघडलं आणि धापा टाकत माळावर आला. "चला, उघडलं. नोकरी गेली तं गेली!"

सुगंधाबाईने सूप खाली ठेवलं. "भाऊ, आता इथी मेढ गाडली. पूजा झाली. धान घरी जाईस्तोवर खळं हालवत नाई."

खळ्याच्या मधोमध गाडलेल्या त्या खांबाकडे मुखरूने पाहिलं. बुडाशी कुंकू होतं. हा रिवाज त्याला काय कुणी सांगायला हवा होता? गडबडीत तोच विसरला होता.

"बसा, जेवून जा," ती म्हणाली.

"नाई बाई. फाटक उघडं हाय. ढोरं शिरतीन."

तो परतला. फाटकाशी सवयीने चपला काढल्या आणि अनवाणीच पिशवीखाली जाऊन उभा राहिला. पट्टीवर धानाचा एक दाणा नव्हता. वारा मात्र झकास होता.

दिवस मावळेपर्यंत फाटक उघडंच होतं. ढोरंसुद्धा आली नाहीत. मग मुखरूने ते ओढून घेतलं आणि आतून कुलूप लावलं.